डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी

ते प्रकरण पोलीस ठाण्याच्या दप्तरात चार ओळींत संपले. माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेले नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी बंगळूरला मल्लेश्वरमच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एके दिवशी सकाळची हजेरी संपत असतानाच औषधाच्या दुकानाचे मालक आले आणि त्यांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. राजाजीनगरच्या एका डॉक्टरांच्या कागदावर झोपेच्या गोळ्या लिहिल्या होत्या. एक मुलगी आजीसाठी म्हणून त्या नेत असे आणि महिनाभरात ही तिसरी खेप होती. मालक कन्नडमध्ये म्हणाले, "अक्षर डॉक्टरांसारखंच आहे साहेब, पण हे वाचता येतं."

मी डॉक्टरांकडे गेलो. कागद त्यांचा होता, अक्षर नव्हते. काही महिन्यांपूर्वी पाय मोडलेल्या एका मुलीला वेदनेमुळे झोप येत नव्हती, म्हणून त्यांनी थोडे दिवस या गोळ्या दिल्या होत्या. तपासणीला येता-जाता तिने कोरे कागद उचलले असावेत. पत्ता त्यांच्या वहीत मिळाला.

मुलगी सतरा वर्षांची, कॉलेजात शिकणारी. वडील सरकारी कचेरीत, घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठी. मुलीला ठाण्यात बोलावणे मला बरे वाटेना. साध्या कपड्यांत घरी गेलो आणि आईला तिच्याजवळ बसवले.

या गोळ्यांमागे टोळी असणार अशी माझी खात्री होती. पाकीटमाराला विचारावे तसे पहिला अर्धा तास मी तिला विचारत राहिलो. चिठ्ठी कोणी लिहिली, माल कोणाला देतेस? ती एकच उत्तर देई, ठाऊक नाही. वडील मधूनमधून सांगत होते की आमची मुलगी तसली नाही.

आईने तिच्या हातात कॉफीचा पेला दिला, तो तिला धरता येईना. कॉफी परकरावर सांडली. मी चिठ्ठी खिशात घातली आणि वडिलांना ओसरीवर थांबायला सांगितले.

"गोळी घेतली नाहीस तर काय होतं, बाळ?"

तिने परकराचा ओला भाग मुठीत धरला. मग म्हणाली, "हात कापतात. जीव घाबरा होतो. पाय कधीच बरा झाला, पण गोळी सुटत नाही. रोज ठरवते, आज घ्यायची नाही."

मग तिने हुंदके देत सांगितले की परीक्षेच्या धास्तीने झोप न येणाऱ्या एका मैत्रिणीला तिने काल गोळ्या दिल्या होत्या.

"किती?"

"होत्या तेवढ्या सगळ्या. जवळ राहिल्या की मीच घेते."

मैत्रीण यशवंतपूरला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होती. जीप तिथे पोहोचली तेव्हा तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "स्वल्प, थोडं थांबा. झोपलीय ती. मघाशी दोन हाका मारल्या, ओ दिली नाही."

मी आतल्या खोलीच्या दारावर जोरात थाप मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडी निघाली आणि डोळे चोळत मुलगी बाहेर आली. पहाटेपर्यंत अभ्यास करून ती नुकतीच आडवी झाली होती. गोळ्यांची पुडी कंपासपेटीत तशीच होती. घ्यायची भीती वाटली, म्हणाली. मी तिथेच पायरीवर बसलो. तिच्या आईने दिलेले पाणी प्यालो आणि पुडी खिशात घातली.

पहिल्या मुलीला आम्ही इस्पितळात नेले. गोळी एकदम बंद केली तर जिवाला धोका आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले आणि हळूहळू कमी करत नेली. दीड महिन्याने ती घरी आली. राजाजीनगरच्या डॉक्टरांनी तक्रार दिली नाही. गोळ्या लिहून दिल्यावर आपण पुन्हा चौकशी करायला हवी होती, असे ते स्वतःच म्हणाले. वरिष्ठांनीही कागद पुढे रेटले नाहीत.

वडील भेटायला आले. म्हणाले, "सकाळी उठत नाही म्हणून मी रोज रागावायचो, साहेब. काय होतंय ते एकदाही विचारलं नाही."

मी त्यांना खुर्ची पुढे केली. मीही अर्धा तास तेच केले होते. तो अर्धा तास आणखी लांबला असता आणि त्या पुडीचे तोंड उघडले असते तर, हा विचार पुष्कळ दिवस येत राही.

पुढच्या वर्षी दोघी पास झाल्या. त्यानंतर नोकरीभर व्यसनात अडकलेले कोणी पोर समोर आले की माल कुठून आणला, हे मी मागाहून विचारत असे. आधी त्याला बसायला सांगत असे.