फास्ट
गेल्या मे महिन्यात मी नणंदेला भेटून गणेशपुरीहून भिवंडीला परतत होते. एसटीत शेजारी एक परदेशी बाई बसली होती. तिथल्या आश्रमात आठवडाभर राहिलेली, देश कंबोडिया, पेशाने माझ्यासारखीच शिक्षिका. एवढं तिच्या मोडक्या इंग्रजीतून कळलं.

गाडी सुटली तशी तिने पिशवीतून दोन गोड पाव काढले नि एक माझ्यापुढे धरला. माझा सोमवार होता. मी हात हलवून म्हटलं, "नो, नो. फास्ट."

तिने एकदम माझा हात घट्ट धरला. मग उठून, दांड्यांना धरत कंडक्टरपर्यंत गेली नि ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाली, "स्लो, प्लीज! लेडी अफ्रेड!"

कंडक्टर माझ्याकडे वळला. "काय झाला बाई? गाडी तर धड पळत पन न्हाय!"

सगळी गाडी हसली. वीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवणारी मी, तोंड लपवायला जागा शोधत होते.

परत येऊन बसल्यावर तिने एक जाडसर इंग्रजी-ख्मेर शब्दकोश काढला. 'फास्ट'पुढे बऱ्याच ओळी होत्या. पहिल्या अर्थावर तिने बोट ठेवलं, "लुअन", आणि हाताने गाडी पळवून दाखवली. मी मान हलवली. बोट खाली सरकलं. "तॉम आहा." आता तिने तोंडावर हात ठेवला.

"येस, येस! पण आहा म्हणजे?"

"आहा... फूड."

"आहार?" मी ओरडलेच. "आमचाही आहारच!"

मग आम्ही दोघी "आहा, आहार" करत बसलो. पुढच्या सीटवरचे आजोबा मागे वळून बघायला लागले. माझा उपास आहे हे कळल्यावर तिने स्वतःचाही पाव पिशवीत टाकला. मी कितीदा सांगितलं, पण खाल्ला नाही.

भिवंडीत उतरल्यावर धामणकर नाक्यावर तिला सुती कापड घ्यायचं होतं, म्हणून मीही बरोबर गेले. दुकानदाराने निळा तागा उलगडला. "ले लो मॅडम, कलर एकदम फास्ट है."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. "कलर... ऑल्सो नो फूड?"

मला हसू आवरेना. दुकानदाराला काही कळेना. त्याने पाण्याच्या बाटलीने कापडाचं टोक भिजवलं नि आपल्याच पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासलं. रुमाल पांढराच राहिला. तिने टाळ्या वाजवल्या, शब्दकोश उघडून तिसरा अर्थ शोधला आणि चार मीटर घेतलं.

तिला कल्याणला जायचं होतं. मी तिला शेअर रिक्षात बसवलं नि सवयीने म्हटलं, "येते हं."

"येते? मीनिंग?"

"आय कम," मी सांगून बसले. निरोप घेताना आम्ही असंच म्हणतो, हे सांगायच्या आत तिचा चेहरा फुलला. ती सरकली, कापडाचं पुडकं मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा हाताने झटकली.

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बैठती क्या?"

मी बसले. वाटेतल्या कोन गावापर्यंत गेले आणि तिथून एकटी परत आले.