पाच मिनिटं

शेजारच्या वहिनींना माझा नवरा, अविनाश, बोट पुढे करून दाखवत होता. बोर्निओतल्या प्राणी-अनाथालयात ओरांगउटानचं पिल्लू ते बोट सोडून पहिल्यांदा झाडावर चढलं होतं.

“तुम्हीही पाहिलंत?” वहिनींनी मला विचारलं.

“ही भोपळे चिरत होती,” तो हसला.

खरंच. तिथे स्वयंसेवक म्हणून गेल्यावर दोघांना वेगवेगळी कामं मीच मागून घेतली. घरी चोवीस तास समोरासमोर असतोच की! त्या सकाळी तो धावत बोलवायला आला, “चल गं, पाच मिनिटं!”

“आधी टोपल्या भरू दे,” मी म्हणाले.

प्राण्यांच्या खाण्याच्या टोपल्या वेळेवर गेल्या. माझं काम कधी अडत नाही.

पिल्लू वर पोचलं तेव्हा आनंदाने अविनाशने कोणाकडे वळून पाहिलं असेल, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.