तीनशे बारा जोडलेले हात

आमच्या सासूबाई, जमनाबाई, यांना म्हसावदमध्ये कुणी अडवत नाही, आणि हातात मोबाईल आल्यापासून तर अडवायची सोयच उरलेली नाही. शिक्षण चौथीपर्यंत; पण भजनी मंडळाचं फेसबुकवरचं पान त्याच चालवतात. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं तिथं.

मी त्यांची सून, चेतना. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. एखाद्या संशोधनाबद्दल इंटरनेटवर किती लोक बोलले आणि बरं बोलले की वाईट, हे मोजायचं. सॉफ्टवेअर मोजतं, मी तपासते. सासूबाई गावभर सांगतात, "मन्ही सून दुसरासन्या चुगल्या मोजस."

मार्चमध्ये एका दूरच्या बेटावरचं संशोधन माझ्याकडे मोजायला आलं. बाहेरून आलेल्या सापांनी तिथले पक्षी खाऊन संपवत आणले होते, म्हणून शास्त्रज्ञ मेलेल्या उंदरांत औषध भरून त्या सापांना मारत होते. मी चहा गाळायला उठले, तेवढ्यात सासूबाईंना माझ्या मोबाईलवर साप दिसला. त्यांनी बातमी स्वतःला पाठवली आणि मंडळाच्या पानावर टाकूनही दिली. खाली हात जोडलेलं चित्र.

आमच्याकडे साप दिसला की हात जोडतात. मग तो बांधावर असो, कॅलेंडरवर असो की मोबाईलमध्ये. बातमी वाचतंय कोण? मंडळाच्या बायकांनी जोडले, त्यांच्या माहेरच्यांनी जोडले, पार खांडबाऱ्याच्या विहिणींनी जोडले. तीनशे बारा झाले. आणि आमचं सॉफ्टवेअर इतकं भोळं, की जोडलेले हात दिसले की लिहून मोकळं होतं : भरघोस पाठिंबा.

आमचे उमाकांत सर हरखून गेले. "साप मारायला खेड्यातून एवढा पाठिंबा! अहवालात पहिल्या पानावर घेऊ. आणि चेतना, तुम्हाला कायम केल्याचं पत्र याच आठवड्यात काढतो."

त्या पत्राची मी दीड वर्ष वाट पाहत होते. गप्प बसले असते तर कोण विचारणार होतं? आणि बोलले, तर मोजायची बातमी माझ्याच घरातून पसरली, हे माझ्या गळ्यात. दोन दिवस तसेच काढले. शेवटी सासूबाईंना म्हटलं, "आई, ते हात काढी टाका ना."

"देवले जोडेल हात कोनी मांगे लेस का?"

झालं. मी सरांना स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं. सरांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग थंड आवाजात म्हणाले, "मोबाईल तुमचाच होता ना?"

मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "साहेब, चूक मन्ही शे. तिले काही माहीत नही व्हतं. तिले बोलू नका."

नऊ वर्षं नांदतेय मी या घरात. भाजी खारट झाली तर चूक मिठाची, एसटी चुकली तर चूक ड्रायव्हरची. "चूक मन्ही" हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं, आणि खरं सांगते, डोळेही भरले.

तीनशे बारा हात अहवालातून गेले. पत्र निघालं नाही. तीन महिन्यांनी बघू, म्हणाले सर. नोकरी तेवढी राहिली.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या.

"मोबाईल उघडा का ठेवस व तू? चूक तुन्हीच शे."