मामंजींच्या डोक्याचं माप

मी मुळातच संशयी. नगरात माहेरी असताना दूधवाल्यानं माप जरा लवकर उचललं की मी पातेल्यात डोकावून बघायचे. लग्न होऊन श्रीगोंद्याच्या बाजूला एका मळ्यातल्या वस्तीवर आले, तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेसोबत हा स्वभावही आला. घरात मामंजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. आमचे हे साखर कारखान्यात. गळिताचा हंगाम सुरू असला की तिकडंच मुक्काम, घरी यायचे ते फक्त बाजाराच्या दिवशी.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा होता. विहिरीला पाणी होतं आणि मामंजी उजाडायच्या आत गव्हाला पाणी द्यायला निघत. त्यांचा उजवा कान थंडीनं ठणकायचा. मफलर गुंडाळून जायचे खरं, पण दारं मोडायला, म्हणजे पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला, फावडं घेऊन वाकले की मफलर सुटून पाटात पडायचा. चिखलानं भरलेला तो मफलर जाऊबाई रोज धुवायच्या आणि धुताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. ते पुटपुटणं माझ्यावरच असावं, असं मी लगेच ठरवून टाकलं.

शाळेत शिवणाच्या बाईंनी मला क्रोशा शिकवला होता. वाकलं तरी पडणार नाही अशी लोकरीची जाड कानपट्टी विणायची आणि माझ्या पहिल्या संक्रांतीला मामंजींना द्यायची, असं मी मनात धरलं. लोकर कुठली आणणार? माझा माहेरचा मरून स्वेटर उसवला, लोकर धुतली, वळ्या जाव्यात म्हणून खाली तांब्या बांधून वाळवली. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"चांगलं सुटर उसवतीस व्हय गं?" एवढंच म्हणाल्या.

मी काही सांगितलं नाही. आधीच "शहरातली" म्हणून हसतात, त्यात सासऱ्यासाठी विणते म्हटलं तर आणखी हसतील. शिवाय जाऊबाईंना कळलं तर त्या आधी सांगून मोकळ्या होतील, हाही संशय होताच.

अडचण मापाची होती. सासऱ्यापुढं सुनेनं मान वर करून उभं राहायचं नाही, असं ते घर. मग डोक्याला टेप कुठून लावणार? मामंजी अंघोळीला गेले की त्यांची टोपी खुंटीवर असे. सुईच्या डबीत काळा दोरा होता. तो मी टोपीच्या घेराला लावला आणि जिथं घेर पुरा झाला तिथं गाठ मारली. मग दाराच्या फटीतून मामंजींना जेवताना निरखून बघितलं आणि कान येतात त्या जागी आणखी दोन गाठी मारल्या. दोरा उशीच्या अभ्र्यात ठेवला आणि विणायला बसले.

पट्टी उठावाची घेतली होती. साध्या विणीत सुई आधीच्या ओळीतल्या खांबाच्या डोक्यातून जाते. इथं ती त्याच्या कमरेभोवतून घ्यायची, दोनदा पुढून, दोनदा मागून. मग कणसावरच्या दाण्यांसारखे उभे उंचवटे येतात, पट्टी ताणली जाते आणि डोक्याला धरून बसते. कानाच्या जागी चार ओळी जास्त घालायच्या. सगळं त्या तीन गाठींवर चाललं होतं.

आठ-दहा दिवसांनी अभ्र्यात हात घातला, तर दोरा नाही.

माझा संशय सरळ जाऊबाईंवर. दुसरं कोण? कानामागून आली अन् तिखट झाली असं त्यांना माझ्याबद्दल वाटत असणार, हे मी धरूनच चालले होते. आता त्या बोलता बोलता गप्प झाल्या तरी मला त्यात अर्थ दिसे, आणि हसल्या तर त्याहून जास्त दिसे. एका दुपारी सगळे रानात गेले आणि मी त्यांची ट्रंक उघडली. लुगडी एकेक करून काढली, झटकली, तळापर्यंत हात घातला. दोरा नव्हता. लुगड्यांच्या घड्या घालून मी ट्रंक बंद केली. चोरी सापडली नाही म्हणून माझा संशय कमी झाला असेल, तर शपथ. बाई पक्की आहे, कुठंतरी दुसरीकडं लपवलाय, असं म्हणत मी माळ्यावरची मडकीसुद्धा पालथी घातली.

त्याच आठवड्यात मामंजी तापानं पडले. कान सुजला होता. मी चहा केला तर आत्याबाई म्हणाल्या, "ठिव तितं. मी नेते." दुसऱ्या दिवशी माझ्या हातची भाकरीसुद्धा आत गेली नाही. मामंजींवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, तेव्हा आत्याबाई चुलीकडं बघतच नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. असं का, ते मला कळेना.

ते तिसऱ्या दिवशी चुलीपुढं कळलं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून माझा दोरा माझ्यापुढं टाकला. त्याच्या एका गाठीत एक पांढरा केस अडकला होता. टोपीतून आलेला तो केस मी कधी पाहिलाच नव्हता.

"काळा दोरा, तीन गाठी, आन् मालकांचा केस," त्या म्हणाल्या. "उशी उन्हात टाकताना घावला. देवऋषीला दावून आले. करनी हाय म्हनला, आन् घरातल्याच बाईची. तुज्या बापाला सांगावा धाडलाय. भोगीला येत्याल, जा त्यांच्यासंगं."

मी भ्याले, हे सरळच सांगते. करणीचा ठपका घेऊन माहेरी गेलेली सून परत नांदायला आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. धावत जाऊन अर्धवट पट्टी आणली, दोरा तिच्यावर धरला, गाठ न् गाठ दाखवली. बोलताना रडत होते, त्यामुळं निम्मं त्यांना कळलंच नसेल.

आत्याबाई दोन पावलं मागं सरल्या. "त्या लोकरीतबी काय इनलं आसंल, कुनाला ठावं? आमी न्हाई त्यांच्या डोक्याला लावायचे."

तेव्हा जाऊबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात धुतले आणि मला म्हणाल्या, "किती राह्यलंय? पुरं कर."

तासाभराचं काम होतं. घाईत दोनदा उसवावं लागलं. मी शेवटची गाठ मारली तशी जाऊबाईंनी पट्टी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली, कुंकवाच्या वर, कानांवरून.

"भोगीपतुर मी घालते," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "काई व्हायचं आसंल तर मला व्हईल."

चार दिवस त्यांनी ती काढली नाही. पाण्याला जाताना घातली, चुलीपुढं घाम आला तरी घातली. शेजारच्या मळ्यातल्या बाया हसल्या. चार दिवस मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना साधी शिंक आली तरी मी हातातलं काम टाकून धावे. त्यांना काही झालं नाही. मामंजींचा तापही उतरत आला.

भोगीला सकाळी माझे वडील आले. आत्याबाईंनी जाऊबाईंच्या डोक्यावरची पट्टी काढली, आत जाऊन मामंजींना घातली. मामंजींनी डोकं खाली वाकवून बघितलं, हलवून बघितलं. "पडत न्हाई," ते म्हणाले. वडिलांना तीळ लावलेली बाजरीची भाकरी अन् भाजी वाढली आणि त्यांना कशासाठी बोलावलं होतं, तो विषय कुणी काढलाच नाही. ते जेवून एकटेच एस.टी.नं परत गेले.

दुपारी मी जाऊबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "जाऊबाई, मी करणी केली नाही, हे तुम्हाला कशावरून वाटलं?"

त्या हसल्या. "माज्या लुगड्यांच्या घड्या तू शहरावानी घातल्यात्या. त्याच दिशी वळखलं, काईतरी हुडकतीया. मग माळ्यावरची मडकीबी पालती दिसली. मागनं आत्याबाईंनी दोरा काडला, तवा कळलं ते काय हुतं. आगं, करनी करनारी आसा दोरा हुडकत फिरंल व्हय? ती गप बसंल."

माझी मान खाली गेली. मी त्यांना चोर ठरवलं होतं, आणि त्यांची ट्रंक मी शोधली हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. ठाऊक असून त्यांनी ती पट्टी डोक्यावर घेतली होती. मी पदरानं डोळे पुसले.

"रडू नगं सनाच्या दिशी," त्या म्हणाल्या. "बस हितं. लुगड्याची घडी कशी घालत्यात, दावते." आणि त्यांनी ट्रंक माझ्यापुढं सरकवून तिचं झाकण उघडलं.