खंडेनवमीला धुतलेली टाकी

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत हल्ली नामा मढवीला सगळे 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. कुणी तशी हाक मारली की नामा अजून मागे वळून बघतो, नक्की कुणाला बोलावलं म्हणून. नामा बी.ए. आहे, विषय मराठी. आणि काम काय, तर कारखान्यांचं सांडपाणी साफ करणं. हे कसं जमलं म्हणून विचारलं तर तो डोकं खाजवतो आणि म्हणतो, "सईदा मॅडमना विचारा." म्हणजे मलाच. आता मला तरी कुठे नीट कळलंय?

त्र्याण्णव साली आम्ही दोघं एका रंगाच्या कंपनीत लागलो. मी पनवेलची, बी.एस्सी. झालेली. पण मॅनेजर नंदकिशोर साहेबांना मुख्य प्लांटवर बाईमाणूस नको होतं, म्हणून मला मागच्या कोपऱ्यात सांडपाण्याच्या लॅबमध्ये बसवलं. नामा तळवलीचा. त्याच्या घरची भातशेती वसाहतीत गेली होती आणि त्या बदल्यात कंपनीने घरातल्या एकाला नोकरी दिली होती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुला येतं काय?" नामा म्हणाला, "पडंल ते करीन." झालं, तोही आमच्या कोपऱ्यात आला. ज्याचं काय करायचं ते कुणाला कळत नसे, मग ते पाणी असो की माणूस, ते सगळं तिकडेच यायचं.

काम तसं सोपं होतं. कारखान्याचं घाण पाणी एका मोठ्या टाकीत यायचं, खालून हवा सोडलेली, आत तपकिरी रंगाचा दाट गाळ सतत घुसळत असायचा. नामाने रोज त्यातलं पाणी काचेच्या उंच नळीत भरायचं, ठेवून द्यायचं आणि गाळ किती खाली बसला ते मला सांगायचं. गाळ वाढू द्यायचा की काढायचा, ते मी त्यावरून ठरवायची. एक दिवस तो वैतागला.

"मॅडम, काल म्हनालात गाळ वाढू द्या. आज म्हनता थोडा काढा. आपुन नक्की कोनाच्या बाजूनं हाय? पान्याच्या का गाळाच्या?"

"दोघांच्या," मी म्हटलं. मला वाटलं, काय झकास उत्तर दिलं! बिचारा आणखीच गोंधळला.

मग दसरा आला. मी चार दिवस रजा घेऊन घरी होते. खंडेनवमीला कारखान्यात मशीनं धुऊन पुसून, हारबीर घालून त्यांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. उत्पादन बंद, जो तो आपापलं मशीन चकचकीत करतोय, आणि नामाच्या वाट्याला तो तपकिरी चिखल. त्याला लाज वाटली. त्याने पंप लावून टाकी रिकामी केली, सगळा गाळ सुकवायच्या वाफ्यांवर टाकला, आत उतरून खराट्याने भिंती घासल्या, स्वच्छ पाणी भरलं आणि कठड्याला झेंडूचा हार बांधला. नंदकिशोर साहेबांनी स्वतः नारळ फोडला. "वा नामा! टाकी आरशासारखी केलीस!" असंही म्हणाले म्हणे.

रजेवरून आले आणि मी कपाळावर हात मारला. "या अल्ला! नामा, गाळ कुठाय?"

"साफ केला," तो हसत म्हणाला.

"अहो, तो गाळ जिवंत असतो! त्यातले जंतूच घाण खातात. पाणी तुम्ही-आम्ही नाही साफ करत, ते करतात!"

नामाचं हसू गेलं. तो कठड्याला टेकून खाली बसला. वाफ्यांवर गाळ वाळून भेगाळला होता. "जिवंत व्हता?" तो म्हणाला. "मंजी खंडेनवमीला लोक कोंबडा कापतात, अन् मी..." मी त्याच्यावर ओरडणार होते, ते राहूनच गेलं.

साहेबांनी मात्र सगळी कसर भरून काढली. घाण पाणी बाहेर सोडता येईना, साठवणीची टाकी भरत चाललेली, उत्पादन निम्म्यावर. "बी.ए. माणसाला गटारात ठेवला कुणी?" असं ते ओरडले. त्यांनीच ठेवला होता. मग शांत झाल्यावर त्यांनी तोड काढली. नामाने गेटच्या ऑफिसात खुर्चीवर बसावं, लगेच कायम करतो. प्लांटवरच राहायचं असेल तर साठवण भरायच्या आत टाकी चालू झाली पाहिजे. नाही झाली तर घरी.

नामाची आई भागीरथीबाई, त्यांना तर खुर्ची म्हणजे देव पावल्यासारखं वाटलं. गटारात काम करणाऱ्याला मुलगी कोण देणार? नामा मला विचारायला आला.

"मॅडम, काय करू? मना कायच कळत नाय."

"मला काय विचारता? तुमचं तुम्ही बघा!" मी तडकले. खरं तर मलाही कळत नव्हतं.

"मारला मीच," तो पुटपुटला, "मग उठवायला दुसरा कोन येनार?"

शेजारच्या कारखान्यातून आम्ही थोडा गाळ मागून आणला. शेण आणि गूळ घातला तर जंतू वाढतात, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. शेण भागीरथीबाईंच्या गाईचं. त्या रोज पाटी घेऊन यायच्या आणि गेटपासूनच सुरू व्हायच्या, "बी.ए. शिकवला, अन् पोरगा शेन कालवतोय!" तान्ह्या पोराला भरवतात तसं आम्ही टाकीला जरा जरा घाण पाणी द्यायचो. पांढरा फेस आला. नामाने विचारलं, "हे चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." पुढे फेस गेला. "आता?" तेही मला ठाऊक नव्हतं. साठवण काठोकाठ आली होती आणि मी भीतीने नळीकडे बघायचंच सोडलं होतं.

शेवटी साहेबांनी निरोप धाडला, आज सांगा, खुर्ची की घरी. भागीरथीबाई लेकाला हाताला धरून केबिनमध्ये न्यायलाच आल्या होत्या. नामा नळी हातात घेऊन उभा. "मॅडम, बघा तरी."

तळाशी तपकिरी गाळ बसला होता आणि वर पाणी नितळ, म्हणजे जंतू कामाला लागले होते.

भागीरथीबाई टाकीच्या कठड्याशी थांबल्या. त्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. घाणीचा वास नव्हताच, चिखलणी केलेल्या ओल्या मातीचा होता.

"नामा," त्या हळूच म्हणाल्या, "हा आपल्या गेलेल्या खालच्या शेताचा वास रं."

तेवढ्यात साहेबच तावातावाने आले. "काय ठरलं?"

नामाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. भागीरथीबाईंनी पदराने डोळे पुसले.

"खुर्ची दुसऱ्या कोनाला द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "आमचं शेत हाय इथं."