धावपट्टीवरचं खळं

पलटणीत बिनतारी शिकलो होतो, म्हणून लढाई संपल्यावर आष्ट्याजवळच्या विमानतळावर चिकटलो. विमानतळ कसला डोंबलाचा! मुरमाची पट्टी आणि पत्र्याची खोली. देशात विमानं वाढली, उतरायला जागा पुरेनात, म्हणून अडीनडीला ही पट्टीही हवी असं वरच्यांनी ठरवलं. बिनतारीचं नवं यंत्र आलं. पाळी बदलायला दुसरा माणूस येणार होता, तो काही आला नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कानाला यंत्र लावून मी एकटाच. रजा नाही. गाव समोर दिसायचं, पण सुगीलासुद्धा दिवसाउजेडी घरी जाता येईना. दावणीच्या बैलाला तरी पाणी पाजायला सोडतात. मी नुसता चरफडायचो.

त्या सुगीला वडिलांनी माझ्या खोलीसमोर, भर पट्टीवर शाळूचं खळं घातलं. बैल फिरवायला मधोमध तिवड्याचा खांब रोवला. मी भडकलोच.

"आबा, हितं विमान उतरतं!"

"वरीसभरात एक तरी उतरलं व्हय रं? दोन दिसांत उचलतो."

खरंच एकही उतरलं नव्हतं. मी खळं राहू दिलं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानात आवाज आला. विमानाचं एक इंजिन बंद पडलेलं, आत माणसं भरलेली, ताबडतोब उतरायचं होतं. खिडकीतून बघतो तर मळणी आटोपून आबा रास मोजायला बसलेले. आमच्यात रास मोजताना कुणी बोलत नाही, मध्येच उठत नाही. घसा फुटेस्तोवर ओरडलो. आबांनी मानसुद्धा वर केली नाही. यंत्र सोडावं तर नोकरी जाणार, न सोडावं तर आबांसकट सगळी माणसं जाणार.

"एक फेरी मारा," एवढं कसंबसं सांगितलं, यंत्र भिरकावलं आणि पळालो. बुटांनिशी राशीवर चढलो. तिवडा उपसला, आबांना दंडाला धरून बांधाकडे ओढलं. विमान शाळू उधळत उतरलं. आतली माणसं सुखरूप होती.

जागा का सोडली, म्हणून वरून खुलासा मागवला. मागवू देत!

आबा मातीतले दाणे वेचत होते. माझा राग काही जाईना.

"आपलं खळं सोडून हितं कशाला तडमडलासा?"

आबा खालीच बघत म्हणाले, "रास थोरल्या लेकाम्होरं मोजायची असती. तुला सुट्टी न्हाई. म्हणून खळंच तुझ्यापाशी आणलं."