गायरानातला एकट्याचा खेळ

आमच्या तहसिलीचे साहेब बदली होऊन गेले, तेव्हा जाताना माझ्या गळ्यात एक लांबोडकी कातडी पिशवी अडकवून गेले. पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वरच्या जागांवर बाहेरून अधिकारी यायचे आणि आमची बोली कळायला लागायच्या आत निघून जायचे. हे मद्रासकडचे होते. पिशवीत सात लोखंडी काठ्या नि चार पांढरे टणक चेंडू. "गोल्फ," साहेब म्हणाले. "अकेला खेलने का. शाम को चलना भी होता है." मग त्यांनी त्यांच्या हिंदीत अर्धा तास मला नियम समजावले. मी मान डोलवत राहिलो. कळलं काय? कपाळ!

मी तेव्हा गंगाखेडला कारकून होतो. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, घरचे सगळे परभणीला. पाच वाजता दफ्तर बंद झालं की खोलीवर जाऊन भिंतीकडं बघत बसायचं, हा माझा कार्यक्रम. म्हटलं, आता काठ्या आल्याच आहेत घरी, तर खेळून तर बघू.

गावाबाहेर गंगेच्या अंगाला गायरान होतं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. बाभळी, वाळकं गवत, जागोजाग शेणाचे पो. तिथं मी खुरप्यानं लांब लांब पाच खड्डे केले. खड्डा लांबून दिसावा म्हणून त्यात झेंडी रोवायची, एवढं साहेबांचं बोलणं पक्कं लक्षात होतं. आता झेंड्या कोण शिवत बसणार? दफ्तराच्या कोठीत मोजणी खात्याच्या जुन्या झेंड्या पडून होत्या, तांबड्या-पांढऱ्या, बांबूला लावलेल्या. त्यातल्या पाच उचलल्या, कुणाला विचारलं नाही. निव्वळ आळस. तो नडला, पण मला नाही, दुसऱ्यालाच.

खड्ड्यात चेंडू जाईपर्यंत किती टोले लागले ते वहीत मांडायचं, हेही आठवत होतं. पण टोले जास्त झालेले चांगले की कमी? मी विटीदांडूवर वाढलेला माणूस. जितकं जास्त तितकं आपलं, हेच डोक्यात. पहिल्या दिवशी पाच खड्ड्यांना मिळून एकशे बारा टोले झाले. लय खूश झालो. पुढच्या आठवड्यात ऐंशीवर आलो, तेव्हा जीव खट्टू झाला, आपला हात बिघडत चालला म्हणून. विचारावं कुणाला? अख्ख्या तालुक्यात हा खेळ पाहिलेला माणूस नव्हता. आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे जिंकलं कोण ते कळेना. समोर कुणी नाही. मग हरलं कोण? हा प्रश्न मला रात्री जेवताना पडायचा आणि घास हातात राहायचा.

गायरानाला लागून दीडेक एकराची पट्टी होती. एक म्हातारा आणि त्याची बायको तिथं ज्वारी करायचे आणि तिथंच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीत, राहायचे. म्हाताऱ्याच्या बापानं ती जमीन काटेकुटे काढून वहितीला आणलेली. कागद मात्र एकही नव्हता. त्या दिवसांत बोलवा होती की सरकार अशा सगळ्या पट्ट्यांची मोजणी करणार आणि कसणाऱ्याच्या नावावर लावणार. काढून घेणार, अशीही बोलवा होती. बाकी जमीन म्हणून त्या दोघांना कुठं वीतभर नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो म्हातारा मी आलो की बांधावर येऊन उभा राहायला लागला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हात जोडलेले. मागं बायको पाण्याचा तांब्या घेऊन. मी एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडं गेलो की तेही बांधाबांधानं तिकडं सरकायचे. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आपला खेळ बघायला माणसं यायला लागली! मी काठी जास्तच ऐटीत फिरवायला लागलो. एकदा टोला चांगला बसला तेव्हा मी त्यांच्याकडं बघून हसलो, तर म्हातारा घाईघाईनं कमरेत वाकला. मला वाटलं, काय कदर आहे खेडुतांना!

असा महिना गेला. मग एक दिवस पटवारी दफ्तरात आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय लावलंय हो तुमी गायरानात? तो म्हातारा तुमच्यापायी बाजारहाट सोडून बसलाय. लेकीला सोनपेठला दिलंय, तिला पहिला मुलगा झाला, तर नातवाचं तोंड बघायला जाईना. त्याला वाटायलंय, तुमी पैमाईश करायलाव."

पैमाईश म्हणजे जमिनीची मोजणी. मोजणीदार झेंड्या लावतो, पावलं टाकतो, वहीत आकडे मांडतो. मी तरी दुसरं काय करत होतो? आणि मोजणीच्या वेळी रीत अशी, की मोजणीदार हद्दीवर उभा राहून तीनदा हाक मारतो, ही जमीन कोण कसतं म्हणून. 'मी' म्हणायला तिथं माणूस हजर लागतो. हाकेला ओ आली नाही तर जमीन पडीक लिहिली जाते. म्हातारा महिनाभर त्या हाकेची वाट बघत उभा होता, आणि मी त्याला माझा खेळ दाखवत होतो. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

त्याच संध्याकाळी मी सरळ बांधावर गेलो. म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला उभे राहता? ही मोजणी नाही. हा खेळ आहे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "खेळ व्हय? कुनासंगं खेळायलाव?"

"कुणासंगं नाही. एकट्यानंच खेळायचा असतो."

तो हसला, अगदी मोकळं हसला. "काय सायेब, गरिबाची थट्टा करता. येकटा मानूस कधी खेळ खेळतो व्हय? खेळाला दोघं तरी लागत्यात. तुमी मोजा निवांत. आमी काय आडवं येत न्हाई."

मी डोकं आपटून घ्यायचा बाकी राहिलो. वही दाखवली, तर त्याला वाचता येत नव्हतं. आकडे बघून तो म्हणाला, "ही आमच्या पट्टीची लांबी का?" काठी त्याच्या हातात दिली, म्हटलं मारून बघा. त्यानं पहिला तडाखा ढेकळाला दिला, दुसरा चेंडूला बसला आणि चेंडू बाभळीत गेला. मामी तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हातारा पण खुलला. पण लगेच गंभीर होऊन विचारतो, "मग आता जिंकलं कोन?"

आता याला मी काय सांगू? मलाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याची खात्री आणखीच पक्की झाली असणार, की हा सरकारी माणूस काहीतरी लपवायलाय.

मला संताप आला. त्याचा नाही, माझाच, किंवा त्या मद्रासी साहेबाचा, कुणाचा ते आजही धड सांगता येणार नाही. मी गंगेकडं तोंड केलं, हात पुढं केला आणि म्हणालो, "मामा, गंगामायची शपथ घेऊन सांगतो, हा खेळ आहे. तुमच्या जमिनीचा आणि ह्याचा काही एक संबंध नाही. उद्यापासून ह्या झेंड्या दिसल्या ना, तरी यायचं नाही. मीच खेळतोय समजा आणि आपल्या कामाला लागा."

गंगामायचं नाव ऐकलं आणि म्हातारा निवळला. शपथेपुढं त्याचं काही चालेना. "आता येवढी आन घेतली म्हनल्यावर काय," असं म्हणून त्यानं बायकोकडं बघितलं, आणि ती म्हणाली, "मग सोनपेठला जाऊन येऊ की वो. ज्वारी काढली की जाऊ." दोघं आखाड्याकडं गेली. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी टोले मोजलेच नाहीत.

चैत्रात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं म्हणून मी पंधरा दिवस रजा टाकून परभणीला गेलो. परत आलो तर पटवारी दारातच भेटला. मोजणीवाले येऊन गायरान मोजून गेले होते. ज्वारी निघालेली, रान मोकळं, कसणाऱ्याची खूण म्हणावी अशी काडी रानात उभी नव्हती. गावात दवंडी दिली होती, पण आखाड्यावर दवंडीचा आवाज कुठला जातो? मोजणीदारानं तीन हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. पट्टी पडीक म्हणून लिहिली गेली.

"आणि तुम्ही काय करत होतात?" मी पटवाऱ्यावर खेकसलो.

"मी सांगितलं की. मोजणीदार म्हणाला, मानूस दाखवा. मानूस कुठून दाखवू?"

म्हाताऱ्यानं तहसिलीत अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी दोघं नवरा-बायको सकाळपासून ओसरीवर बसली होती. मी पाणी द्यायच्या निमित्तानं गेलो. मामीनंच सांगितलं, हळू आवाजात, माझ्याकडं न बघता. त्या दिवशी उजाडताच ती दोघं सोनपेठला निघाली होती. वाटेत गायरानात तांबड्या-पांढऱ्या झेंड्या रोवायलेली माणसं दिसली. ती म्हणाली, थांबावं का वो? म्हातारा म्हणाला, चल, सायेब खेळायलेत, त्यांनी गंगामायची आन घेतलीया. म्हणून दोघं नातवाला बघायला गेली.

मी तिथं उभा होतो की बसलो, काही आठवत नाही. शपथ खोटी नव्हती हो. शब्द न् शब्द खरा होता. मग हे झालं कसं, हेच मी मनात घोळवत होतो आणि काही केल्या मेळ लागत नव्हता.

सुनावणीत जबाब लिहून घ्यायला कारकून मीच. नव्या साहेबांनी विचारलं, "मोजणीच्या दिवशी झेंड्या दिसल्या होत्या का?"

"दिसल्या सायेब."

"मग थांबला का नाहीस?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात टाक होता. मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मी दफ्तरच्या झेंड्या न विचारता नेऊन खेळत होतो आणि मीच ह्याला येऊ नको म्हणून सांगितलं. दोन वाक्यं. नोकरी गेली असती कदाचित, कदाचित नसतीही गेली. मी टाक दौतीत बुडवला.

"लेकीकडं जायाचं हुतं सायेब," म्हातारा म्हणाला. "नातू बघायचा हुता. चुकी आमची हाय."

तो असं का म्हणाला, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला सांभाळून घेतलं? की एकटा माणूस गायरानात खेळ खेळतो हे साहेबांना पटणारच नाही, आपण वेड्यात निघू, असं त्याला वाटलं? की माझ्यावर इतका राग होता की माझं नाव तोंडातून काढायची इच्छा नव्हती? मी तिन्ही खरं मानून बघितलंय, आणि तिन्ही वेळा मान खाली जाते.

साहेब म्हणाले, लिहा. मी लिहिलं. अर्जदार स्वतःच्या कामासाठी परगावी गेला होता, चूक कबूल आहे. मग रिवाजाप्रमाणे त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. तो म्हणाला, बरोबर हाय. मग त्याचा अंगठा मी माझ्या हातात धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.